पाखरांच्या दाण्यांसाठी खटक्यांचा हवाबंद डबा: गोव्याच्या पावसाळ्यात कितपत उपयोगी?

चारी बाजूंनी खटके लावून बंद होणारा आणि झाकणाच्या खोबणीत सिलिकॉनची कडी बसवलेला पारदर्शक प्लॅस्टिकचा डबा आता गोव्यातील जवळजवळ प्रत्येक भांड्यांच्या दुकानात मिळतो. पक्ष्यांचे खाद्य विकणारे दुकानदारही हल्ली गिऱ्हाइकाला हाच डबा घेण्याचा सल्ला देतात. आमच्या फोंड्याच्या घरी बजरीगर आणि कॉकाटील या लहान परदेशी पोपटांची एकेक जोडी आहे, आणि त्यांच्या दाण्यांसाठी पाच लिटरांचा एक मोठा व सव्वा लिटरचा एक लहान असे दोन डबे आम्ही वापरतो. या प्रकारचे डबे अनेक कंपन्या बनवतात आणि त्यांची रचना जवळपास सारखीच असते, म्हणून हे परीक्षण एका कंपनीच्या मालाचे न करता या रचनेचे केले आहे. आपल्याकडचे पोपट पाळण्यास १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंदी आहे. त्यामुळे येथे दाण्यांचा विचार पिंजऱ्यात वाढलेल्या परदेशी जातींच्या पाखरांपुरताच आहे.

प्रथम निर्णय सांगतो. हवा आणि ओल बाहेर ठेवण्याचे काम हा डबा चोख करतो. मात्र दाण्यांत आधीच असलेली ओल तो काढून टाकत नाही आणि दुकानातून दाण्यांबरोबर आलेली किडीची अंडीही मारत नाही. घरी आणलेली पिशवी तशीच त्यात ओतून खटके लावणाऱ्याला हा डबा लवकरच निराश करील, आणि त्यात दोष डब्याचा नसेल.

गोव्यात वर्षाला साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, वाळपईच्या बाजूला त्याहूनही अधिक, आणि त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. या दिवसांत हवेतील आर्द्रता अनेकदा ८५ ते ९० टक्क्यांच्या घरात असते. उघड्यावरचा दाणा या हवेशी सतत ओलाव्याची देवघेव करतो. ७० टक्के आर्द्रतेत राळे, बाजरी, भात यांसारख्या पिष्टमय दाण्यांतील पाणी १३ ते १४ टक्क्यांवर स्थिरावते, आणि हवा ९० टक्क्यांवर गेली की ते १८ टक्क्यांच्याही पुढे जाते. बुरशीला दाण्यांमधल्या हवेत ७० टक्क्यांच्या आसपास आर्द्रता मिळाली की पुरते. सूर्यफूल, करडई आणि कारळे यांचे गणित याहून कडक आहे, कारण तेल पाणी धरत नाही आणि सगळी ओल बियांच्या उरलेल्या भागात साठते. राळ्यांना १२ टक्के पाणी चालून जाते, तर सूर्यफुलाच्या बिया ९ टक्क्यांच्या पुढे गेल्या की धोक्याच्या रेषेवर येतात. दुकानातून मिळणारी पातळ पॉलिथिनची पिशवी तोंडाला रबर लावून ठेवली, तर जुलै संपण्यापूर्वीच दाणे सादळतात आणि हाताला गार लागू लागतात.

डबा खरोखर हवाबंद आहे की नाही, हे पाहणे सोपे आहे. रिकाम्या डब्यात कोरडा टिश्यू कागद ठेवून खटके लावावेत आणि डबा उलटा करून पाण्याने भरलेल्या बादलीत काही वेळ दाबून धरावा. आमच्या दोन्ही डब्यांतील कागद कोरडा राहिला. यापेक्षा अवघड परीक्षा मिठाची आहे. शुद्ध मीठ हवेतील आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की पाणी ओढून घेते. तव्यावर कोरडे केलेले मीठ एका वाटीत घालून बंद डब्यात ठेवले आणि तसेच मीठ दुसऱ्या वाटीत बाहेर ठेवले, तेव्हा पावसाच्या दिवसांत बाहेरचे मीठ एका रात्रीत ओले झाले आणि डब्यातले सुटेच राहिले. या परीक्षेसाठी आगरवाड्याच्या मिठागरातले जाडे मीठ घेऊ नये. त्यात मॅग्नेशियमचे क्षार असल्याने ते फार कमी आर्द्रतेतही पाझरू लागते, आणि चांगल्या डब्यावरही उगीच नापासाचा शिक्का बसतो.

एवढ्यावरून डब्याला पैकीच्या पैकी गुण द्यावेत असे वाटेल, पण खरा प्रश्न इथून पुढे सुरू होतो. तीन किलो दाण्यांत १३ टक्के पाणी असेल, तर त्या डब्यात सुमारे ३९० ग्रॅम पाणी आधीच बसलेले आहे. डब्याच्या रिकाम्या जागेतील हवेत असलेले पाणी याच्यापुढे काहीच नाही; ३० अंश तापमानाची पूर्ण दमट हवा लिटरमागे जेमतेम ०.०३ ग्रॅम पाणी धरते. म्हणून दिवसातून दोनदा झाकण उघडले तरी फारसे बिघडत नाही. बिघडते ते दाणा मुळात ओलसर असताना झाकण लावल्यामुळे, कारण उघड्या परातीत निदान उन्हाच्या दिवशी ती ओल उडून गेली असती, आणि बंद डब्यात तिला जायला वाटच राहत नाही.

काही डब्यांबरोबर सिलिका जेलची पुडी येते, आणि ऑनलाइन दुकानांत अशा पुड्यांची पाकिटे वेगळीही मिळतात. तिच्याविषयी फार अपेक्षा ठेवू नये. सिलिका जेल आपल्या वजनाच्या साधारण तीस टक्के पाणी शोषते, म्हणजे पाच ग्रॅमची पुडी दीड ग्रॅम पाणी ओढून थांबते. तीन किलो दाण्यांतील पाणी १३ वरून १२ टक्क्यांवर आणायचे तर सुमारे ३४ ग्रॅम पाणी काढावे लागते आणि त्यासाठी शंभर ग्रॅमहून अधिक जेल लागेल. पुडी जवळजवळ शोभेचीच आहे, असे माझे मत झाले आहे. तरीही ती ठेवायचीच असेल, तर ओल शोषल्यावर निळ्याची गुलाबी होणारी घेऊ नये, कारण तिच्यातील कोबाल्टचा क्षार विषारी असतो, आणि कोणतीही पुडी पाखराच्या चोचीला लागेल अशी ठेवू नये.

दाणे डब्यात भरण्यापूर्वी ते पुरेसे कोरडे आहेत का, हे तपासण्यासाठी शेतकऱ्यांना सांगितली जाणारी एक पद्धत घरातही चालते. कोरड्या काचेच्या बाटलीत तव्यावर भाजून थंड केलेले बारीक मीठ थोडे घालावे, त्यावर मूठभर दाणे टाकावेत, झाकण लावून काही मिनिटे हलवावे आणि बाटली स्थिर ठेवावी. मीठ काचेला चिकटून राहिले, तर दाण्यांत १५ टक्क्यांहून अधिक पाणी आहे. ते सुटे होऊन तळाशी बसले तर पाणी त्याहून कमी आहे. पद्धत ढोबळ आहे, १३ आणि १४ टक्क्यांतला फरक तिला कळत नाही, परंतु सुट्या गोणीतून पावसाळ्यात विकत घेतलेल्या दाण्यांना पहिला प्रश्न विचारण्यास ती पुरेशी आहे. मीठ चिकटलेले दाणे ऊन असेल तर कापडावर पातळ पसरून वाळवावेत, आणि ऊन नसेल तर ते घेऊच नयेत. काही जण दाणे धुऊन वाळवतात. मे महिन्याच्या उन्हात ते ठीक आहे, पण पावसाळ्यात धुतलेला दाणा आतून कोरडा झाला असे समजणे धोक्याचे आहे.

बुरशीच्या बाबतीत इतका काटेकोरपणा का, हे एका जुन्या घटनेवरून ध्यानात येईल. १९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी एका अनोळखी रोगाने मेले. शोध घेतला तेव्हा दोष त्यांच्या खाद्यातील बुरशी आलेल्या भुईमुगाच्या पेंडीत सापडला, आणि त्यातूनच अफ्लाटॉक्सिन या विषाची ओळख झाली. हे विष अस्परजिलस जातीच्या बुरशीपासून तयार होते, पक्ष्याचे यकृत बिघडवते आणि नेहमीच्या शिजवण्या-भाजण्याच्या उष्णतेने पुरते नष्ट होत नाही. बुरा आलेले दाणे उन्हात घातले तर बुरशी सुकते, परंतु विष तिथेच राहते. शिवाय बुरशीचे कण श्वासावाटे जाऊन पक्ष्यांच्या फुप्फुसांत व वायुकोशांत रोग उत्पन्न करतात, तो वेगळाच. त्यामुळे झाकण उघडताना कुबट वास आला, किंवा दाणे एकमेकांना चिकटून गुठळ्या झालेल्या दिसल्या, तर निवडत बसू नये. सगळा डबा रिकामा करावा. कॉकाटीलसाठी शेंगदाणे ठेवणाऱ्यांनी तर हे विशेष लक्षात घ्यावे.

आता कीड. पाखरांच्या दाण्यांत गोव्यात सर्वांत जास्त त्रास देतो तो लहानसा पतंग, ज्याच्या पंखांचा मुळाकडचा भाग फिकट राखाडी आणि टोकाकडचा तांबूस तपकिरी असतो. त्याची पांढुरकी अळी दाण्यांत रेशमासारखी जाळी विणते, आणि पूर्ण वाढली की कोष करण्यासाठी डब्याच्या झाकणाच्या खाचेत, भिंतीवर, अगदी छताच्या कोपऱ्यापर्यंत चढून जाते. आपल्याकडच्या उष्ण हवेत अंड्यापासून पतंगापर्यंतचा प्रवास साधारण महिन्याभरात होतो. भात, गहू, मका असे मोठे दाणे असतील तर सोंडे येतात. सोंड्याची मादी दाण्याला भोक पाडून आत अंडे घालते, म्हणून वरून दाणा धडधाकट दिसतो. तुकडा आणि भुसा जास्त असेल तर लालसर भुंगेरे होतात. दोन-चार अळ्या पोटात गेल्याने पाखराला अपाय होत नाही, परंतु कीड दाण्यातला गर खाऊन टरफल ठेवते, आणि तिच्या श्वसनाने ओल व ऊब निर्माण होऊन बुरशीला आयतेच निमंत्रण मिळते.

बाहेरच्या पतंगाला हा डबा आत येऊ देत नाही, हे त्याचे मोठे काम आहे. पातळ पॉलिथिनची पिशवी अळी कुरतडून पार करते, आणि जाड प्लॅस्टिकसमोर मात्र तिचे काही चालत नाही. पण बहुतेक वेळा कीड बाहेरून येत नाही, ती दुकानातल्या गोणीपासूनच दाण्यांबरोबर असते. पूर्ण हवाबंद साठ्यात किडे स्वतःच प्राणवायू संपवून मरतात, या तत्त्वावर शेतकऱ्यांसाठी अनेक थरांच्या पिशव्या तयार झाल्या आहेत आणि त्या परिणामकारकही आहेत. ते तत्त्व रोज उघडल्या जाणाऱ्या, अर्ध्या रिकाम्या डब्याला लागू पडत नाही, कारण प्रत्येक वेळी झाकण उघडताच किड्यांना ताजी हवा मिळते. डब्यावरील जाहिरातीत ‘किडीपासून संपूर्ण संरक्षण’ असे शब्द असतात, ते त्यामुळे अर्धेच खरे आहेत.

उरलेले अर्धे काम फ्रीजर करतो. नवीन आणलेले दाणे किलो-किलोच्या जाड पिशव्यांत बांधून उणे १८ अंशांवर आठवडाभर ठेवले, की अंडी, अळ्या आणि पतंग सगळेच मरतात. गोव्यातील घरांत अडचण असते ती जागेची. १ जूनपासून मासेमारीबंदी लागत असल्याने मेअखेरीस फ्रीजर मासळीने गच्च भरलेला असतो, आणि दाणे गोठवण्याचीही हीच वेळ असते. सुरमईच्या शेजारी राळे ठेवायचे तर दुहेरी पिशवी घ्यावी, एवढेच सुचवतो. याहून महत्त्वाची काळजी पिशवी बाहेर काढल्यानंतरची आहे. पावसाळ्यात आपल्या हवेचा दवबिंदू २५ अंशांच्या आसपास असतो, म्हणजे त्याहून थंड असलेल्या कोणत्याही वस्तूवर लगेच पाणी धरते. गोठलेली पिशवी त्याच वेळी उघडून दाणे डब्यात ओतले, तर कोरड्या दाण्यांवर आपण स्वतःच पाणी शिंपडल्यासारखे होते. किलोभर दाणे मधोमध गरम व्हायला वेळ लागतो, म्हणून पिशवी न उघडता रात्रभर बाहेर राहू द्यावी आणि सकाळी, पिशवीचा बाहेरचा घाम पुसून, मग दाणे भरावेत.

डब्याच्या आकाराबद्दल माझी स्पष्ट तक्रार आहे. दुकानांत पाच लिटरांचा डबा पुढे केला जातो, त्यात राळ्यांसारखे बारीक दाणे साडेतीन किलोंच्या आसपास मावतात. बजरीगरांच्या जोडीला महिन्याला साधारण अर्धा किलो दाणे लागतात, कॉकाटीलच्या जोडीला किलोच्या आतबाहेर. म्हणजे नुसत्या बजरीगरांसाठी भरलेला मोठा डबा सहा-सात महिने पुरेल, आणि तेवढ्या काळात सूर्यफुलाच्या बिया खवट होतील. मे महिन्यात पुरुमेंताची खरेदी करून पावसाळ्याची बेगमी करण्याची आपली जुनी रीत तांदूळ, मिरच्या, आमसुले आणि सुक्या मासळीसाठी योग्यच होती. तेलबियांना ती लावू नये. राळे, वरी आणि बाजरी पावसाआधी एकदम घेऊन गोठवून ठेवण्यास हरकत नाही, पण सूर्यफूल आणि करडई दर महिन्याला थोडी थोडी घ्यावी आणि वेगळ्या लहान डब्यात, शक्यतो फ्रिजमध्ये ठेवावी. फ्रिजमध्ये कीड वाढत नाही, १५ अंशांखाली तिची वाढ जवळजवळ थांबते. तयार मिश्रण घेणाऱ्यांना ही वेगवेगळी व्यवस्था करता येत नाही, म्हणून आम्ही मिश्रण घेणेच सोडले आहे.

मोठा डबा आम्ही राखीव साठ्यासाठी ठेवतो, तो शक्यतो काठोकाठ भरतो आणि लहान डबा संपल्यावरच उघडतो. रोजचे दाणे लहान डब्यातून काढतो. अशा वापरात पाच लिटरांचा डबा बरा पडतो. एकच जोडी असलेल्या घराला मात्र तो घेण्याचे कारण नाही.

वापरात आढळलेल्या उणिवा अशा. झाकणाच्या खोबणीत फोलपटांचा भुसा अडकतो, आणि सिलिकॉनच्या कडीखाली तो ओलसर होऊन काळपट बुरा धरतो. प्रत्येक वेळी डबा रिकामा झाला की कडी सुरीच्या बोथट टोकाने उचलून काढावी, दोन्ही भाग साबणाने धुवावेत आणि पूर्ण वाळल्यावरच परत बसवावेत. पतंगाचे कोषही याच खोबणीत लपतात, म्हणून जुन्या दाण्यांच्या तळावर नवे दाणे ओतण्याची सवय या डब्याला मानवत नाही. तसेच पिंजऱ्यातील वाटीतले उरलेले दाणे डब्यात परत टाकू नयेत. त्यात निम्मी फोलपटे, लाळ आणि विष्ठा असते. खटके मजबूत आहेत, त्यांच्या बिजागऱ्या अजून तुटलेल्या नाहीत. डबा पारदर्शक असल्याने आतली जाळी लगेच दिसते ही सोय आहे, परंतु प्रकाशाने तेलबिया लवकर खवट होतात, त्यामुळे तो कपाटात ठेवावा लागतो. पावसाळ्यात ओल येणाऱ्या बाहेरच्या भिंतीला तो टेकवू नये आणि फ्रिजच्या ऊबदार माथ्यावरही ठेवू नये. आणि उंदीर! जुन्या कौलारू घरात राहणाऱ्यांनी हा डबा उघड्या फळीवर ठेवू नये, कारण प्लॅस्टिक कुरतडणे उंदराला काहीच जड नाही. तिथे स्टेनलेस स्टीलचा डबाच हवा. त्याचे झाकण हवाबंद नसते, तेव्हा दाणे जाड पिशवीत बांधून ती पिशवी डब्यात ठेवावी.

काचेची बरणी या सगळ्यांत निर्दोष ठरते. तिला वास लागत नाही, ती कुरतडली जात नाही आणि रबरी कडीचे झाकण असेल तर ओलही आत येत नाही. फुटण्याची भीती आणि वजन एवढेच तिचे दोष आहेत. लोणच्याच्या किंवा मधाच्या रिकाम्या, स्वच्छ धुऊन वास घालवलेल्या लिटरभराच्या बरणीत बजरीगरांच्या जोडीचे महिन्याचे दाणे आरामात राहतात, आणि त्यासाठी एक पैसाही खर्च होत नाही.

धान्य टिकवण्याच्या घरगुती उपायांपैकी कडुनिंबाचा सावलीत वाळवलेला पाला ठेवण्यास हरकत नाही, पण ओला पाला डब्यात ओलच आणतो. बोरिक पावडर, पाऱ्याच्या गोळ्या आणि डांबरगोळ्या मात्र पाखरांच्या दाण्यांजवळही नेऊ नयेत. गोदामात वापरल्या जाणाऱ्या धुरीच्या गोळ्यांतून निघणारा फॉस्फिन वायू माणसाचाही जीव घेतो, त्यामुळे कोणी भुसारी दुकानदार आपुलकीने एखादी गोळी देऊ लागला तरी ती घेऊ नये.

पाच लिटरांचा डबा पाचशे रुपयांच्या आसपास मिळतो, लहान त्याच्या निम्म्याहून कमी किमतीत. बंद होण्याच्या गुणासाठी मी त्याला पाचपैकी साडेचार तारे देतो, आणि सफाईच्या कटकटीसाठी एक तारा कमी करतो. आणखी अर्धा तारा कापतो तो सुटी कडी कोठेही विकत मिळत नाही म्हणून. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारापासून मडगावच्या भांड्यांच्या दुकानांपर्यंत विचारून पाहिले, सर्वत्र नवा डबा घ्या असेच उत्तर मिळाले. कडी सैल पडली की उरतो तो साधा प्लॅस्टिकचा डबा. तेव्हा घेताना दुकानातच झाकण उघडून कडी बाहेर काढून पाहावी, आणि ती ताणल्यावर लगेच पूर्ववत होत नसेल तर दुसरा डबा मागावा.